गल्लीच्या तोंडाशीच सांगायचं

कुठल्याही गल्लीत शिरायच्या आधी बुरुलकान ओरडायची.

"साखर हवीय गं वाटीभर! साखरेला आलेय!"

कधी म्हणायची, "म्हातारीचं ब्लडप्रेशर बघायचंय, तिनेच बोलावलंय!" कधी नुसतंच, "दूध!" गल्लीच्या तोंडाशी तुतीचं झाड असो नाहीतर पाटावरची फळी, तिथे उभं राहून ती मोठ्याने काम सांगायची आणि जरा थांबायची. जर्दाळूच्या बिया फोडणाऱ्या बायकांच्या हातोड्या तिला पाहून थांबलेल्या असत. त्या परत वाजू लागल्या की मगच ती पुढे पाऊल टाकायची.

आक-तेरेक गावात याचं कुणाला हसू येत नसे. एक तुर्सुनबाय तेवढा चिडवायचा, इस्पितळाची गाडी चालवणारा. सगळ्यांसारखा तोही तिला एजे म्हणायचा, म्हणजे ताई. "एजे, तुला एक भोंगा बसवून देतो. माझ्या गाडीचा जुना पडलाय." बुरुलकान त्याला म्हणायची, "तुझ्या भोंग्याने लोक बाजूला होतात. मला त्यांनी बाजूला व्हायला नकोय, मेल्या."

छावणीच्या इस्पितळातली ती सगळ्यांत जुनी नर्स. शिक्षण ओश शहरात झालं, लग्न गावातल्याच एका लष्करी ड्रायव्हरशी. तो नोकरी सोडून रशियात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. पुढे मुलगीही गेली, पण ती निदान फोन करते. बुरुलकान राहिली. वर डोंगरात सरहद्दीवरची चौकी, खाली हे इस्पितळ. वरून जो जखमी येईल तो आधी तिच्या हाताखाली. आणि ज्याला खाली आणून उपयोग नसे, त्याच्या घरी निरोप घेऊन जाणंही तिच्याच वाट्याला आलेलं. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. ज्या वसंतात सरहद्दीवर गोळीबार झाला, तेव्हा पहिला निरोप घेऊन एक तरुण अधिकारी गेला होता. फाटकातच ताठ उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं घडाघडा बोलून मोकळा झाला. त्या पोराची आई तिथेच कोसळली, उंबऱ्याच्या दगडावर डोकं आपटलं. संध्याकाळी तिला टाके घालताना बुरुलकान मुख्य डॉक्टरांना म्हणाली, "असं सांगतात होय? सांगायची काही रीत असते." डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "मग पुढच्या वेळी तू जा."

ती गेली. त्यानंतर प्रत्येक वेळी तीच गेली.

तिच्याबरोबर मामासाली असायचे. पांढऱ्या दाढीचे, गावाचे अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, उंच पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोपीतले. सगळं आयुष्य गावाच्या पाण्याच्या पाळ्या वाटण्यात गेलेलं. त्यांच्या शब्दावर लोक कुदळी खाली ठेवत. मेल्याची बातमी इकडे कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत. आधी म्हणायचं, काही नाही. मग म्हणायचं, जरा लागलंय. मग, खाली आणलंय त्याला. तोवर शेजारच्या बायका मागून आत येऊन बसलेल्या असतात, कुणी आईच्या पाठीशी, कुणी हाताशी. मग मामासाली म्हणायचे, "बाळा, यंदा वरूनच पाणी तुटलं गं." तेवढं पुरायचं. मग बुरुलकानची बॅग उघडायची, इंजेक्शन, थेंब. दोघांचा एक नियम होता, न बोलता ठरलेला: त्या घरचा तुकडा मोडायचा नाही, चहाला तोंड लावायचं नाही. कुणी पुढे केलाच तर छातीवर हात ठेवायचा. परतताना दोघं पाटावर थांबत, हात धूत, आणि आपापल्या वाटेने जात.

म्हणून गावाने दोन खुणा मनात बांधून टाकल्या होत्या. बुरुलकान आणि पांढरी टोपी जोडीने दिसली की कुणाचं तरी घर बसलं.

धाकटी बहीण साबिरा तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची. तिचा मुलगा एल्दियार वर चौकीवर गेला, त्या शरदात साबिरा इस्पितळाच्या फाटकाशी आली. हातात सुक्या जर्दाळूंची पिशवी. आत येईना.

"एजे, राग मानू नकोस."

"कशाचा?"

"तू आमच्याकडे येऊ नकोस आता. पोरगं परत येईस्तोवर."

"अगं, मी ओरडून येते की. सगळ्यांकडे तशीच जाते."

"तू दिसल्यापासून ओरडेपर्यंत माझं काय होतं, ते तुला नाही कळायचं," साबिरा म्हणाली. "मीच येत जाईन तुझ्याकडे. शुक्रवारी येईन."

बुरुलकानने मान हलवली. पिशवी घेतली. साबिरा काही शुक्रवार आली, मग जनावरं, मग सासू, मग थंडी. एल्दियारचा करार वाढला. ईदला साबिराने शेजारणीच्या हाती तळलेल्या पुऱ्या पाठवल्या, त्या गार होऊन पोचल्या. बुरुलकानने त्या उभ्याउभ्याच खाल्ल्या. तेव्हापासून कामावरून घरी जाताना ती साबिराची गल्ली टाळून बागांमागच्या लांबच्या वाटेने जायची. त्या वाटेला चढ होता. गुडघे दुखायचे.

जर्दाळू उतरवायच्या दिवसांत राजधानी बिश्केकहून आइपेरी आली. विद्यापीठातली मुलगी, चष्मा, शहरी बूट. सैनिक आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांच्या मनावर काय ओझं साचतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. कमांडरसाहेबांनी तिला एक्स-रेची खोली दिली आणि कवायतीच्या मैदानात सगळ्यांना सांगितलं, "मन मोकळं करायचं आहे. एका रांगेत, गडबड न करता."

मग एकेक शिपाई आत यायचा आणि टाचा जुळवायचा.

"झोप लागते?"

"लागते, बाई."

"स्वप्नं पडतात?"

"परवानगी नाही, बाई."

दाराबाहेर हशा पिकायचा. आइपेरीही हसायची. पण चिकाटीची होती. दुपारी ती पोरांबरोबर झाडाखाली बसे, त्यांना भाजी चिरू लागे. दोनतीन दिवसांनी एकदोघं थोडं थोडं बोलायला लागले. बुरुलकानचा नंबर आला तेव्हा तीच चहा घेऊन गेली आणि खुर्चीच्या टोकावर टेकली.

"एजे, तुम्हाला झोप कशी लागते?"

"चांगली लागते."

"भूक?"

"चांगली."

"कुणाशी बोलता? म्हणजे, जड वाटलं तर?"

"जड काय वाटायचंय? दिवसभर बोलतच असते. हात पुढे कर, कूस बदल, मूठ वळ." तिने किटली उचलली आणि आइपेरीचा पेला भरला.

आइपेरीने पेल्याकडे पाहिलं. इकडे पाहुण्याला दोन घोट ओततात. त्याने परत मागावा, परत ओतावा, तेवढा वेळ त्याने बसावं म्हणून. हा पेला काठोकाठ भरलेला होता.

"एजे," ती हसून म्हणाली, "मला उठवताय का?"

"प्यायचा आणि निघायचं," बुरुलकान म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं. "तुझा राग नाही, पोरी. शिफ्ट संपतेय. पाय दुखतात."

"मग उद्या तुमच्याबरोबर चालत येते. बसून नाही विचारत. चालेल?"

बुरुलकानला नाही म्हणायचाही कंटाळा आला. "ये," ती म्हणाली.

आइपेरीला मामासालींना भेटायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी संपल्यावर बुरुलकान तिला घेऊन गेली. बॅग खांद्याला होतीच. कामावरून निघताना ती खांद्याला अडकवायची सवयच झाली होती. मामासाली अंगणात कुदळीला दांडा बसवत होते. चहा झाला, पुष्कळ वेळा झाला, दोन-दोन घोटांचा. पाण्याच्या भांडणांचे किस्से झाले. मग आइपेरीने हळूच विचारलं, "अक्साकाल, त्या घरांतून परत आल्यावर तुम्ही कुणाशी बोलता?"

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. बुरुलकानकडे बोट केलं. "हिच्याशी."

"आपण कधी बोललो हो?" बुरुलकान म्हणाली.

"हात नाही का धूत दोघं? तेच."

निघताना मामासालींनी टोपी चढवली. पाहुणी लांबून आलेली. तिला निदान पाटापर्यंत पोचवायला हवं, नाहीतर लोक काय म्हणतील. बागांमागच्या वाटेवर पाट फुटून चिखल झाला होता, तो त्यांनीच सकाळी पाहिला होता. "खालून, गल्लीतून जाऊ," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढे झाले.

चालता चालता आइपेरीने विचारलं, "आणि तुम्ही, एजे? तुम्हालाही ते हात धुणं पुरतं का?"

उन्हाने वाळलेल्या जर्दाळूंचा वास सगळीकडे दाटला होता. मग तिचं तिलाच कळायच्या आत ती बोलू लागली होती.

"मला धाकटी बहीण आहे," ती म्हणाली. "साबिरा. लहानपणी माझ्या पाठुंगळी असायची कायम, माझे केस धरून. आई तंबाखूच्या शेतात जायची, म्हणून ही माझ्याच अंगावर वाढली. तिचं बाळंतपण मीच केलं. एल्दियारला पहिला हात माझा लागला. त्या घरात मी कधी विचारून गेले नाही बघ. आणि आता..." ती शरदातलं फाटक सांगू लागली, सुक्या जर्दाळूंची पिशवी, गार पुऱ्या. "तिचं चुकलंय असं नाही म्हणत मी. तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. पण संध्याकाळी घरी जाते ना, तेव्हा दिवा लावायचाही कंटाळा येतो. पेशंट वारला तर रडू येत नाही आता. खरं सांगू? निरोप घेऊन जाताना मला त्या आईचं काही वाटत नाही, मनात एवढंच येतं, की चला, आणखी एक दार मला बंद झालं. हे बरं नव्हे. नर्सला हे शोभत नाही. पण तू विचारलंस म्हणून..."

बोलताना तिची मान खाली होती. तुतीचं झाड आलं आणि गेलं. ती ओरडली नाही.

गल्लीतल्या हातोड्या थांबल्या होत्या. बुरुलकानला ती शांतता ऐकू आली तेव्हा ते गल्लीच्या मध्यावर होते. तिने वर पाहिलं. समोरच्या घराच्या धाब्यावर साबिरा वाळत घातलेले जर्दाळू उलटत होती, ओणवी, दोन्ही हात फळांच्या रसाने चिकट झालेले. तिने आधी पांढरी टोपी पाहिली. मग बॅग. मग एक अनोळखी शहरी बाई, चष्म्याची. म्हणजे वरच्या कचेरीतून कुणीतरी आलेलं.

"साखर!" बुरुलकान ओरडली. "साबिरा, साखरेला आलेय गं!"

साबिरा धाब्यावरच खाली बसली, जर्दाळूंमध्ये. तिने डोक्याचा रुमाल ओढून काढला आणि तोंड फिरवलं. आणि मग तो आवाज सुरू झाला. बुरुलकानला तो पाठ होता. मेलेल्याच्या नावाने आई जो हेल काढते, त्याचा पहिला सूर.

"अगं काही नाही!" बुरुलकान पळत सुटली. "काही नाही झालेलं!"

आणि पळता पळताच तिच्या ध्यानात आलं, आपण हे काय बोललो. इतकी वर्षं प्रत्येक उंबऱ्यावर तिनेच आधी म्हटलं होतं, काही नाही. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. शेजारणी धावल्या. एकीने साबिराला शिडीवरून धरून खाली आणलं, दुसरी पाठीशी बसली, तिसरीने तिचे हात धरले, रीतीप्रमाणे. पलीकडून पुरुष निघाले, एक जण तर कमरेत वाकून, "पोरा रे, माझ्या पोरा" असा आक्रोश करतच फाटकातून आत आला. साबिराची सासू चटईवर डोकं टेकून मागेपुढे झुलू लागली.

मामासाली धापा टाकत पोचले. त्यांनी हात वर केला. "ऐका! बाळा, अगं..."

त्यांचं "बाळा" ऐकताच बायकांनी एकदम गळा काढला. म्हाताऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांना कळलं, आपण जे म्हणू ते उलटंच पडणार. "अरे देवा," ते पुटपुटले आणि त्यांनी हात खाली घेतला.

"फोन करा चौकीवर," आइपेरी म्हणाली. ती पांढरी पडली होती. "त्याला फोनवर द्या."

"तिथे फोन लागत नाही, पोरी," बुरुलकान म्हणाली. "तो टेकडीवर चढला तरच लागतो."

साबिरा तिच्याकडे बघतही नव्हती. तिची नखं गालावर होती. आता ओरबाडेल. बुरुलकानचा हात सवयीने बॅगच्या बंदाकडे गेला, आणि बायकांची नजर त्या हाताबरोबर गेली. तिने हात मागे घेतला. बॅग खांद्यावरून काढली आणि फाटकाबाहेर, पाटाच्या कडेला फेकली.

मग ती ओट्यावर चढली. चपला काढल्या. दुपारच्या चहाचा दस्तरखान, खाण्याचं कापड, तसाच पसरलेला होता, त्यावर रोटी, मुरंबा, माश्या. ती मांडी घालून बसली. रोटी मोडली. मुरंब्यात बुडवून तुकडा तोंडात घातला आणि चावू लागली.

"मीठ कमी पडलंय," ती मोठ्याने म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "तुझी रोटी कायमच अळणी. अक्साकाल, या. बसा. खा!"

मामासालींना क्षणभराने उमगलं. ते काठी टाकून आले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्यांनीही तुकडा मोडला. त्यांना दात थोडेच होते. तुकडा चहात बुडवायलाही न थांबता ते चघळू लागले.

आधी पाठीशी बसलेली शेजारीण थांबली. मग आक्रोश करत आलेला माणूस सरळ उभा राहिला. "अरे, ही खातेय," तो म्हणाला. "ही दोघं खातायत."

साबिराने मान वळवली. केस मोकळे, गालावर जर्दाळूचा रस आणि माती. ती गुडघ्यांवर चालत ओट्यापर्यंत आली. बुरुलकानच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने अख्खी रोटी उचलली आणि बहिणीसमोर ठेवली.

"हीसुद्धा खा."

बुरुलकानने खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती मनगटाने पुसत होती आणि चावत होती. साबिराने मुरंब्याची वाटी पुढे सरकवली. "हे." तेही खाल्लं. "खडीसाखर." ती दातांखाली कडकड मोडली.

"तो आहे?" साबिराने विचारलं.

"मला काय माहीत? मंगळवारी तुर्सुनबाय वर पीठ घेऊन गेला होता. तेव्हा तुझा लेक बटाटे सोलत होता आणि शिव्या देत होता. त्यानंतरचं मला माहीत नाही, आणि कुणी मला सांगितलेलंही नाही. मी नुसती या पोरीबरोबर घरी चालले होते. बोलत होते. ओरडायचं विसरले."

"विसरलीस?"

"विसरले."

साबिराने तिच्या खांद्यावर जोरात फटका मारला. मग दुसरा. "विसरलीस! मी मेले होते इथे, आणि तू विसरलीस!" तिसरा फटका नीट बसला नाही. तिचं डोकं बुरुलकानच्या मांडीवर आलं आणि तिथेच राहिलं. बुरुलकानने रुमाल शोधला, सापडला नाही. तिने हातानेच तिचे केस गोळा केले.

शेजारी एकेक करून खजील होत निघाले. आक्रोश करणारा माणूस जाताना म्हणाला, "एजे, एवढा सूर मी भावाच्या वेळीही लावला नव्हता." सासू उठून बसली आणि विचारू लागली, मग कोण गेलं शेवटी? "कोणी नाही, आजी, कोणी नाही," आइपेरी तिच्याजवळ बसून परत परत सांगत होती. तिने कसलाच प्रश्न विचारला नाही. थोड्या वेळाने ती बाहेर जाऊन बुरुलकानची बॅग उचलून घेऊन आली, चिखल पुसला आणि कुणाला दिसणार नाही अशी दाराआड ठेवली.

"पोरी," बुरुलकान तिला म्हणाली, "वाटेत सांगितलं ना मी तुला, ते तसंच लिही. बरं दिसत नाही म्हणून गाळू नकोस. आणि हेही लिही, की हे काम एकाच माणसाकडे ठेवू नका म्हणावं. पाळी लावा. पाण्याची लावतात तशी."

"मी वाटून देतो की," मामासाली म्हणाले. ते अजून चघळतच होते.

साबिरा उठली. तोंड धुतलं, केस बांधले. तिने किटली आणली, नवा चहा केला. पहिला पेला बुरुलकानसमोर ठेवला. काठोकाठ. इतका की हात लावला तर सांडला असता.

बुरुलकानने पेल्याकडे पाहिलं. तिला नवल वाटलं नाही. मुलगा वर आहे तोवर ही काय दुसरं करणार? तिने वाकून ओठानेच कड खाली केली, मग पेला उचलला आणि गरम चहा हळूहळू, पूर्ण प्यायला. जीभ पोळली. तिने चपलांकडे नजर टाकली. पाय आखडले होते. उठायला वेळ लागणार होता.

"दे," साबिरा म्हणाली.

"काय?"

"पेला दे इकडे."

बुरुलकानने दिला. साबिराने किटली तिरपी केली आणि लगेच सरळ केली. पाहुण्याला मानाने देतात तसा, एक हात छातीवर ठेवून तिने पेला परत पुढे धरला. तळाशी दोन घोट चहा होता.